पैसे दिले, मग मालक कोण?

वाचकांचे प्रश्न : व्यवसाय आणि बौद्धिक संपदा

गेल्या अंकात पेटंटचा अर्ज कसा भरायचा यावर लिहिलं होतं. पत्रं आली ती वेगळ्याच विषयाची, आणि मला त्याचा आनंद झाला. अर्ज भरायची रीत कुठल्याही नोंदणी कार्यालयाच्या माहितीपत्रकात सापडते. ज्या गोष्टीचा अर्ज करायचा ती मुळात आपली आहे का, हे मात्र फार थोडे लोक विचारतात. या वेळी बहुतेक पत्रं त्याच प्रश्नाची आहेत. पत्रलेखकांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न : मॅडम, आम्ही दोघे भागीदार गोदामांतल्या मालाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर विकतो. पहिली आवृत्ती ओळखीच्या एका प्रोग्रामरने करून दिली. तो आमचा नोकर नव्हता. कामाचे टप्पे ठरवले होते, प्रत्येक टप्प्याचे पैसे वेळेवर दिले, बिलं जपून ठेवली आहेत. सगळा सोर्स कोड आमच्याकडे आहे. आता एक गुंतवणूकदार तयार झाला आहे, पण त्याचा वकील म्हणतो, कॉपीराइट तुमच्या कंपनीकडे आहे याचा कागद दाखवा. बिलं त्याला चालत नाहीत. प्रोग्रामरशी आता फारसं बोलणं नाही. पूर्ण पैसे आम्ही मोजले, मग तो मालक कसा?

उत्तर : वकिलाचं बरोबर आहे, आणि त्याने हे आत्ताच विचारलं हे तुमचं नशीब.

काम झालं आणि पैसे पोचले, एवढंच बिलावरून सिद्ध होतं. कॉपीराइट पैशांच्या मागोमाग येत नाही. तो लिहिणाऱ्याच्या नावावर जन्माला येतो आणि तिथून हलवायचा तर लेखी, सही केलेला कागद लागतो. नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलं असेल तर बऱ्याच देशांत तो मालकाकडे जातो. बाहेरच्या माणसाने लिहिलं असेल तर सहसा जात नाही. तुमचा प्रोग्रामर बाहेरचा होता.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९८९ मध्ये हाच वाद आला होता, फक्त तिथे सॉफ्टवेअरच्या जागी पुतळा होता. वॉशिंग्टनमध्ये बेघरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने जेम्स अर्ल रीड या शिल्पकाराकडून बेघर कुटुंबाचं शिल्प करून घेतलं. कल्पना संस्थेची, साहित्याचा खर्च संस्थेचा, खालचा चौथराही संस्थेनेच करवून घेतलेला. तिची माणसं अधूनमधून जाऊन सूचनाही देऊन येत. कॉपीराइटबद्दल मात्र कुणी एक ओळ लिहून घेतली नव्हती. पुढे बिनसलं आणि दोघांनीही आपापल्या नावाने नोंदणी केली. न्यायालयाने कल्पना कुणाची हे पाहून निकाल दिला नाही. हत्यारं कुणाची होती, काम कुठे चालायचं, वेळ कोण ठरवायचं, मदतनीस कोण नेमायचं, पगारावरचा कर कापला जात होता का, हे पाहिलं. रीड स्वतःच्या स्टुडिओत स्वतःच्या हत्यारांनी काम करत होता. तो नोकर ठरला नाही, त्यामुळे संस्थेचा 'आमच्या नोकरीतलं काम' हा दावा पडला. सहनिर्माते म्हणून काही हक्क लागतो का, एवढा मुद्दा खालच्या कोर्टात मांडायची वाट उरली.

हीच कसोटी तुमच्या प्रोग्रामरला लावून पाहा. संगणक त्याचा, घर त्याचं, वेळ त्याची. म्हणजे उत्तर तुम्हाला कळलंच.

आता घाबरू नका. तुम्ही सॉफ्टवेअर वापरताय आणि विकताय ते बेकायदा ठरेल असं नाही. त्याच कामासाठी पैसे घेऊन कोड सोपवला, तर कोर्टं बहुधा वापराची परवानगी दिली होती असं मानतात. पण परवानगी आणि मालकी यांच्यातलं अंतर भाड्याच्या घराची किल्ली आणि खरेदीखत यांच्यातल्या अंतराएवढं आहे. परवानगी असलेला माणूस दुसऱ्याला अडवू शकत नाही. उद्या त्याच प्रोग्रामरने तोच कोड तुमच्या स्पर्धकाला दिला, तर तुम्ही कुठल्या नात्याने भांडणार? गुंतवणूकदाराला भीती आहे ती हीच.

म्हणून त्याच्याकडे जा आणि हस्तांतरणाचा दस्त करून घ्या. करार वाचताना मी आधी शेवटचं पान उघडते, सही आहे का बघायला. मग ज्या ओळीत हक्क दिले जातात त्या ओळीचं क्रियापद बघते. 'हस्तांतरित करण्याचे मान्य करतो' असं असेल तर ते पुढचं वचन झालं. 'याद्वारे हस्तांतरित करतो' असं असेल तर हक्क सही होताक्षणी गेले. कुणाला हा वकिली कीस वाटेल, पण स्टॅनफर्ड विद्यापीठाला तो चांगलाच महागात पडला. रक्तातला एचआयव्ही मोजण्याच्या चाचणीवर काम करणाऱ्या त्यांच्या संशोधकाने विद्यापीठाला पहिल्या प्रकारचं लिहून दिलं होतं. नंतर तंत्र शिकायला तो सीटस या कंपनीत गेला, तेव्हा तिथल्या गोपनीयतेच्या कागदावर दुसऱ्या प्रकारची ओळ होती आणि त्याने सही केली. पुढे सीटसचा तो व्यवसाय रॉश या औषध कंपनीने घेतला. विद्यापीठाने रॉशवर पेटंटचा दावा लावला, तेव्हा अपील कोर्टाने २००९ मध्ये सांगितलं की त्या संशोधकाचे हक्क सीटसकडे आधीच गेले होते. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये निकाल फिरवला नाही. पाहुणा म्हणून सही केलेला कागद स्वतःच्या विद्यापीठाच्या करारावर भारी पडला.

दस्त करताना देश बघा, कारण इथे कायदे फार वेगळे आहेत. भारतात मुदत लिहिली नाही तर हस्तांतरण पाच वर्षांपुरतंच धरलं जातं, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतंच. तेव्हा 'कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी' हे शब्द हवेतच. जर्मनीत तर कॉपीराइट मूळ निर्मात्यापासून वेगळा करताच येत नाही, वारशाने जातो तेवढाच. तिथे अनन्य वापराचे हक्क घ्यावे लागतात आणि ते कशाकशासाठी हे नीट मांडावं लागतं. तुमचा प्रोग्रामर कुठे बसून काम करत होता हे विचारल्याशिवाय तयार मसुदा उचलू नका.

त्याच्याशी बोलताना 'पैसे तर तेव्हाच दिले होते' हे वाक्य टाळा. ते खरं असलं तरी उपयोगाचं नाही. सहीसाठी वेगळा मोबदला द्या, रक्कम दस्तात लिहा, आणि हे बोलणं गुंतवणुकीची बातमी बाहेर फुटायच्या आत उरका. बातमी फुटली की सहीची किंमत वाढते, याला कुठलाही कायदा आडवा येत नाही. त्याने नकार दिला तर त्याने लिहिलेला भाग काढून नव्याने लिहून घेणं हा मार्ग उरतो. तो खर्चिक आहे, पण नवा माणूस जुना कोड समोर न ठेवता लिहीत असेल तर खात्रीचा आहे.

आणखी एक विचारून घ्या : त्या कोडमध्ये त्याने इतरांचा मुक्त परवान्याचा, म्हणजे ठरावीक अटींवर कुणालाही वापरता येणारा, कोड किती घातला आहे आणि त्या परवान्यांच्या अटी काय आहेत. वकिलाचा पुढचा प्रश्न तोच असणार.

प्रश्न : आमच्या कंपनीचं नाव कंपनी म्हणून रीतसर नोंदलेलं आहे, त्याच नावाचं संकेतस्थळही आमचं आहे. आता दुसऱ्या एकाने जवळपास त्याच नावाने माल काढला आणि वर आम्हालाच नोटीस पाठवली. आमची नोंदणी जुनी असताना हे कसं?

उत्तर : तुमच्याकडे दोन नोंदी आहेत, पण तिसरी नाही, आणि हे भांडण त्या तिसरीवरचं आहे. कंपनी निबंधक एवढंच पाहतो की त्याच्या यादीत तंतोतंत तेच किंवा अगदी जवळचं नाव नाही ना. संकेतस्थळाचं नाव विकणारा तर तेवढंही पाहत नाही. बाजारात ते नाव लावून माल विकण्याचा हक्क ट्रेडमार्कच्या नोंदवहीत असतो. ती नोंद वर्गवार होते. १९५७ च्या नीस करारावरून आलेल्या वर्गीकरणात एकूण ४५ वर्ग आहेत, ३४ वस्तूंचे आणि ११ सेवांचे. शिवाय ती नोंद देशापुरती असते.

नोटीस आली म्हणजे हरलात असं नाही. इंग्लंड, अमेरिका, भारत अशा देशांत आधीपासूनच्या प्रत्यक्ष वापराला वजन आहे. चीनसारख्या देशांत आधी अर्ज करणाऱ्याचं पारडं जड असतं. तेव्हा आज संध्याकाळीच जुनी बिलं, जाहिराती, पॅकिंगचे नमुने, छापखान्याच्या पावत्या बाहेर काढा आणि तारखेनुसार लावा. सगळ्यात जुना कागद कुणाला विकलेल्या मालाचा आहे हे शोधा. कंपनी नोंदणीच्या दाखल्यापेक्षा तो कागद तुमच्या कामाचा आहे. नोटिशीला उत्तर मुदतीत द्या, पण उत्तरात स्वतःच्या पहिल्या वापराची तारीख अंदाजाने लिहू नका. पुढे ती तारीख सिद्ध करावी लागते.

नाव एकाकडे आणि धंदा दुसऱ्याकडे, हा घोळ बड्यांचाही होतो. १९९८ मध्ये फोक्सवॅगनने विकर्स या ब्रिटिश कंपनीकडून रोल्स-रॉइसचा मोटारींचा व्यवसाय ४३ कोटी पौंडांना घेतला. क्रू इथला कारखाना मिळाला, बेंटली मिळाली, बॉनेटवरची ती प्रसिद्ध मूर्ती आणि पुढच्या जाळीचा आकारही मिळाला. पण 'रोल्स-रॉइस' हे नाव विमानांची इंजिनं करणाऱ्या वेगळ्या कंपनीच्या मालकीचं होतं, कारण मूळ कंपनी १९७१ मध्ये बुडाली आणि त्यानंतर मोटारींचा विभाग वेगळा काढला गेला. त्या इंजिन कंपनीने नावाचा परवाना ४ कोटी पौंडांत बीएमडब्ल्यूला दिला. शेवटी तडजोड अशी झाली की २००२ अखेरपर्यंत फोक्सवॅगनने ते नाव वापरायचं आणि २००३ पासून बीएमडब्ल्यूने. व्यवसाय विकत घेणाऱ्या वाचकांनी यातून उचलायची गोष्ट साधी आहे : मालमत्तेच्या यादीतल्या प्रत्येक नावापुढे नोंदणी क्रमांक आणि नोंदीतल्या मालकाचं नाव मागा, आणि ते विकणाऱ्याच्या नावाशी जुळतं का बघा.

बाहेरदेशी विकणार असाल तर पहिल्या अर्जापासून सहा महिन्यांत दुसऱ्या देशात अर्ज केला की पहिल्याचीच तारीख धरली जाते. ही सोय १८८३ च्या पॅरिस करारापासूनची आहे. माद्रिद प्रणालीतून एकाच अर्जात अनेक देश निवडता येतात, पण नोंद द्यायची की नाही हे प्रत्येक देश स्वतंत्र ठरवतो.

प्रश्न : लिहिलेलं काम पाकिटात घालून, सील करून, स्वतःच्याच पत्त्यावर पोस्टाने पाठवलं की कॉपीराइट होतो असं ऐकलं. खरं आहे का?

उत्तर : नाही. १८८६ च्या बर्न करारामुळे सदस्य देशांत काम लिहून झालं की कॉपीराइट मिळालेलाच असतो, त्याला पाकीट लागत नाही की शिक्का. पाकिटावरून फार तर त्या तारखेला काहीतरी पोस्टात पडलं हे दिसतं. ते आधी उघडं पाठवून नंतर चिकटवलं नाही कशावरून, हा प्रश्न समोरचा वकील विचारणारच. त्यापेक्षा कच्चे मसुदे, फाइलींच्या आवृत्त्या, पाठवलेले ईमेल जपा. नोंदणी मिळत असेल तिथे ती करा. अमेरिकेत तर तिथल्या कामांसाठी नोंदणीशिवाय दावाच लावता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की नुसता अर्ज टाकलेला चालत नाही, कार्यालयाचा निर्णय यावा लागतो.

प्रश्न : मी एका यंत्रनिर्मिती कंपनीत देखभाल विभागात आहे. सुट्टीच्या दिवशी, घरी, स्वतःच्या पैशांनी एक झडप तयार केली. आमच्या यंत्रांवर ती चालते, इतरांच्याही यंत्रांवर चालेल. वरिष्ठ म्हणतात ती कंपनीची. नेमणूकपत्रात बारीक अक्षरात काहीतरी आहे. मी काय करू?

उत्तर : हे सदर बहुतांशी मालकांच्या बाजूने लिहिलं जातं, त्यामुळे तुमचं पत्र मुद्दाम घेतलं.

'घरी केलं' एवढ्यावर तुमची सुटका होत नाही. इयान शँक्स यांचं उदाहरण घ्या. १९८२ मध्ये युनिलिव्हरच्या कंपनीत असताना त्यांनी घरीच, मायलारची म्हणजे पातळ प्लास्टिकची फिल्म आणि मुलीच्या खेळण्यातल्या सूक्ष्मदर्शकाच्या काचा घेऊन रक्तातली साखर मोजायच्या साधनाचा पहिला नमुना केला. तरी शोध कंपनीचाच ठरला, कारण असं काही शोधणं हेच त्यांचं काम होतं. मात्र ब्रिटनच्या १९७७ च्या पेटंट कायद्यात एक कलम आहे : शोधाचा कंपनीला असामान्य फायदा झाला तर नोकराला रास्त वाटा मिळावा. शँक्स यांनी २००६ मध्ये मागणी केली. वर्षानुवर्षं प्रत्येक पायरीवर 'एवढ्या मोठ्या कंपनीला हा फायदा म्हणजे काहीच नाही' असं उत्तर मिळालं. अखेर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उत्तर नाकारलं आणि २० लाख पौंड द्यायला लावले. निकाल आनंदाचा आहेच, पण सदतीस वर्षं वाट पाहायची तयारी सगळ्यांची नसते.

तुमची बाजू एका बाबतीत बरी आहे. तुमचं काम देखभालीचं आहे, नवं शोधण्याचं नाही. ब्रिटनसारख्या कायद्यात हा फरक मोठा आहे. जर्मनीत १९५७ पासून नोकरांच्या शोधांचा वेगळा कायदाच आहे : नोकरीतून झालेला शोध कंपनीला लेखी कळवायचा, कंपनीने घेतला तर मोबदला द्यायचा. कॅलिफोर्नियात स्वतःच्या वेळेत, मालकाचं साहित्य न वापरता केलेला शोध करारातही हिसकावून घेता येत नाही. पण तो मालकाच्या धंद्याशी संबंधित असेल तर ही सूट नाही, आणि तुमची झडप संबंधित आहे. भारताच्या पेटंट कायद्यात नोकरांच्या शोधांबद्दल वेगळं कलम नाही, त्यामुळे सगळा भार करारावर येतो.

म्हणून ते बारीक अक्षर आधी वाचा. 'नोकरीच्या ओघात' असे शब्द आहेत की 'नोकरीच्या काळात'? पहिल्यात तुम्हाला जागा आहे. दुसऱ्यात तुम्ही रविवारी केलेलंही ओढून घेण्याचा प्रयत्न आहे, आणि तो टिकतो का हे तुमच्या देशाच्या कायद्यावर ठरतं. स्टीलच्या तुकड्यापासून सुट्या भागापर्यंतच्या खरेदीच्या पावत्या काढून ठेवा. कंपनीच्या संगणकावर एकही रेखाचित्र काढू नका. काढलं असेल तर ते पुसू नका, लपवाछपवीचा आरोप मूळ वादापेक्षा जड जातो. वरिष्ठांनी पुढे केलेल्या 'नुसत्या पोच' म्हणून दिलेल्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका. आणि स्वतःच्या वकिलाकडे जा. कंपनीचा वकील कितीही प्रेमळ असला तरी तो कंपनीचा वकील आहे.

प्रश्न : आम्ही एक नवी वेष्टण-पद्धत काढली. ती प्रदर्शनात मांडली, चित्रफीतही प्रसिद्ध केली. प्रतिसाद उत्तम आहे. आता पेटंट घ्यावं की पद्धत गुप्तच ठेवावी?

उत्तर : गुप्त ठेवायचा पर्याय तुम्ही प्रदर्शनात मांडून टाकला. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारात गोपनीय माहितीच्या तीन अटी आहेत : ती खरोखर गुप्त हवी, गुप्त असल्यामुळेच तिला व्यापारी किंमत हवी, आणि ती गुप्त राहावी म्हणून मालकाने रास्त खबरदारी घेतलेली हवी. चित्रफितीत जे दिसत नाही, उदाहरणार्थ तापमान, चिकटद्रव्याचं प्रमाण, यंत्राचा वेग, तेवढंच आता गुप्त म्हणता येईल. तेही माल उघडून कुणाला शोधता येत नसेल तरच. बाजारातून घेतलेली वस्तू उलगडून तिची रीत काढणं अमेरिकेच्या आणि युरोपीय संघाच्या, दोन्हींच्या २०१६ च्या कायद्यांत वैध आहे.

पेटंटचं म्हणाल तर प्रसिद्धीची पहिली तारीख मला पत्रात हवी होती. अमेरिकेत आणि जपानमध्ये स्वतः प्रसिद्ध केल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज चालतो. युरोपमध्ये सवलत जवळजवळ नाहीच : अधिकृत आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांची एक अगदी छोटी यादी आहे, नेहमीची व्यापारी प्रदर्शनं त्यात बसत नाहीत. भारतातही सवलत ठरावीक प्रदर्शनं आणि प्रसंगांपुरती आहे, चित्रफितीला ती लागू करणं कठीण. म्हणजे काही बाजार तुमच्या हातून गेले असतील, काही अजून असतील. पेटंट वकिलाकडे जाताना प्रदर्शनाचं परिपत्रक आणि चित्रफितीची तारीख घेऊन जा. तारीख लपवाल तर मिळालेलं पेटंट पुढे रद्द होईल, आणि ते रद्द करायला तुमचीच चित्रफीत पुरावा म्हणून येईल.

अर्ज करता आला तर मुदतींचं गणित असं : पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांत इतर देशांत जाता येतं. पेटंट सहकार्य कराराच्या, म्हणजे एकाच आंतरराष्ट्रीय अर्जाच्या मार्गाने गेलात तर बहुतेक देशांसाठी ३० महिने मिळतात. पेटंटची मुदत अर्जापासून २० वर्षं. पुढच्या वेळी आधी अर्ज, मग प्रदर्शन. विक्री विभाग कुरकुर करेल, करू द्या.

प्रश्न : आमचं बोधचिन्ह एआयकडून करून घेतलं. ते आमचंच ना?

उत्तर : ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला सहसा हरकत नाही. तिथे ते चिन्ह कुणाचा माल ओळखून देतं हे बघतात, ते कुणी रेखाटलं हे नाही. कॉपीराइटचं मात्र अवघड आहे. यंत्राने एकट्याने केलेल्या चित्राला मानवी निर्माता नाही म्हणून नोंदणी नाही, हे अमेरिकेच्या अपील कोर्टाने २०२५ मध्ये पुन्हा सांगितलं. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यात संगणकाने केलेल्या कामासाठी वेगळी तरतूद आहे, बहुतेक देशांत तशी नाही. एखाद्या माणसाकडून ते हाताने नव्याने आखून घ्या, स्वतःचे बदल करायला लावा, आणि त्याच्याकडून हस्तांतरणाचा कागद घ्या. वरचं पहिलं उत्तर तुम्हालाही लागू आहे.

प्रश्न : आम्ही दोन मित्रांनी मिळून पेटंट घेतलं, निम्मं-निम्मं. आता वाटा वेगळ्या होत आहेत. भांडण नाही. निम्मं त्याचं, निम्मं माझं, एवढं पुरेल ना?

उत्तर : भांडण नाही तोवरच हे पत्र लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

निम्म्या पेटंटचा अर्थ प्रत्येक देशात वेगळा निघतो. अमेरिकेत वेगळा करार नसेल तर कुठलाही सहमालक दुसऱ्याला न विचारता स्वतः उत्पादन करू शकतो, परवाना देऊ शकतो, आणि मिळालेल्या पैशांचा हिशेब द्यायलाही बांधील नाही. म्हणजे तुमचा मित्र तुमच्या सर्वांत मोठ्या स्पर्धकाला परवाना देईल आणि तुम्हाला त्यातला छदामही मिळणार नाही. उलट नक्कल करणाऱ्यावर तुम्हाला दावा लावायचा असेल तर तिथे साधारणपणे त्यालाही सोबत यावं लागतं. तो आला नाही तर तुमचा दावा अडतो. ब्रिटन आणि भारतात उलटं आहे : स्वतः वापरायला दोघेही मोकळे, पण परवाना द्यायचा किंवा आपला वाटा विकायचा तर दुसऱ्याची संमती हवी. तिथे एकाचा रुसवा दुसऱ्याचा व्यवहार थांबवू शकतो.

म्हणून निम्मं-निम्मं ठेवू नका. पेटंट एकाच्या नावावर करा आणि दुसऱ्याला कायमचा, रद्द न होणारा परवाना द्या. किंवा दोघांची मिळून छोटी कंपनी काढून पेटंट तिच्या नावावर करा आणि मतभेद झाल्यास कोण कुणाचा वाटा कुठल्या हिशेबाने घेणार हे तिच्या करारात लिहा. नूतनीकरणाचं शुल्क कोण भरणार हेही लिहा. दोघांनाही वाटतं दुसरा भरेल, आणि शुल्क चुकलं की पेटंट संपतं. जे ठरेल ते पेटंट कार्यालयाच्या नोंदवहीत चढवा, नुसतं घरच्या फाइलीत ठेवू नका. आणि दोघांचा वकील एकच असू नये.